द मेड्युसा टच सारखे अजून पिक्चर सांगा ना

रातकिडा:
काल रात्री १९७८ चा द मेड्युसा टच बघितला, डोक्यातून जातच नाहीये. रिचर्ड बर्टनचं डोकं कुणीतरी फोडलंय, हॉस्पिटलात निपचित पडलाय तरी मेंदू चालूच, आणि एवढी माणसं मेली ती ह्याने मनात आणलं म्हणून की नुसता योगायोग, हे बराच वेळ कळू देत नाहीत. असे अजून आहेत का? रक्तबंबाळ नकोत प्लीज.

कोपऱ्यातली सीट:
अरे भारी आहे तो! लिनो व्हेंचुरा फ्रेंच पोलीसवाला, लंडनमध्ये तपास करतोय, त्यामुळे भुताटकीपेक्षा खुनाची केस वाटते आणि म्हणूनच पचतं सगळं. विमान बिल्डिंगवर आदळतं तो सीन मात्र आता बघवत नाही. शेवटच्या पडझडीत इमारत म्हणजे छोटं मॉडेल आहे हे कळतं जरा, चालतंय की.

अर्धा तिकीट:
त्याच वर्षीचा द फ्युरी बघ, ब्रायन डी पाल्माचा, कर्क डग्लस आहे. पण शेवटी माणूस अक्षरशः फुटतो हां, तुझी अट गेली खड्ड्यात. १९७६ चा कॅरी पण डी पाल्माचाच, तिथेही रक्त आहेच, बादलीभर.

रातकिडा:
फुटतो म्हणजे?? बरं, दिवसा बघतो.