हात पुढे करायचा, तोंड फिरवायचं, आणि मग माकड चावतं

बोरिवलीची_आई

विषय सिनेमाचा आहे, पण सुरुवात माकडापासून करावी लागेल.

मागे एका रविवारी नॅशनल पार्कात गेलो होतो. कान्हेरीला बसमधून उतरलो. नवरा लेण्यांची तिकिटं काढत होता, मी पिशवीत पाण्याची बाटली शोधत होते. मान वर केली तर आमचे सात वर्षांचे चिरंजीव कठड्यावर बसलेल्या एका माकडिणीसमोर दोन हातांच्या अंतरावर उभे. उजवा हात सरळ पुढे, पंजा उघडा, तोंड पूर्ण दुसरीकडे फिरवलेलं आणि डोळे गच्च मिटलेले. मी ओरडायच्या आत ती पुढे आली, हात उलटसुलट करून बघितला, त्यात काही नाही म्हटल्यावर मनगटाला चावली आणि परत जागेवर जाऊन बसली. जखम फार नव्हती, पण इंजेक्शनांच्या चार खेपा झाल्या. पोरगा रडला तो चावल्याबद्दल नाही. रिक्षात सारखं एकच, "आई, मी बरोबर केलं होतं ना?"

ज्यांनी 'हाउ टू ट्रेन युअर ड्रॅगन' पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बर्क नावाचं बेट, तिथे व्हायकिंग लोक. ड्रॅगन येऊन मेंढ्या पळवतात, म्हणून पिढ्यानपिढ्या वैर. सरदाराचा किडकिडीत मुलगा हिकप स्वतः बनवलेल्या यंत्राने एक काळा ड्रॅगन पाडतो, पण मारायला हात उचलत नाही, दोर कापून सोडून देतो. मग दोघांची मैत्री. २०१० साली ॲनिमेशनमध्ये आला होता, २०२५च्या जूनमध्ये खरे नट घेऊन पुन्हा आला, दिग्दर्शक डीन डेब्लॉ. आम्ही हिंदीत पाहिला. मैत्री जुळते तो प्रसंग म्हणजे हाच, हात पुढे करायचा आणि तोंड फिरवायचं. ड्रॅगन येऊन तळव्याला नाक टेकवतो. थिएटरात माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

पण माझं म्हणणं असं की या जातीच्या सगळ्या सिनेमांचा मंत्र एकच असतो. मोठ्यांना कळत नाही, पोराला कळतं. श्वापद वाईट नसतंच, त्याला आजवर कोणी माया लावलेली नसते. कुलाब्यात राहणाऱ्यांना हा मंत्र परवडतो. आमच्या सोसायटीची मागची भिंत संपली की जंगल सुरू होतं. रात्री अडीचला भिंतीवरून चालत जाणारा बिबट्या सीसीटीव्हीत दिसतो आणि सकाळी तो व्हिडिओ ग्रुपवर येतो. तो बघून आमचा म्हणतो, "याला पण कोणी दोस्त नसेल." याला उत्तर काय द्यायचं?

मागच्या_रांगेतला

ताई, पोराला बरं वाटो. पण सिनेमाला कशाला धरता? आमच्या लहानपणी शक्तिमान बघून आख्खी चाळ गोल गोल फिरत होती. आमच्या मजल्यावरच्या एकाने माळ्यावरून उडी मारून हात मोडून घेतला, तरी त्याच्या आईने टीव्ही फोडला नाही. त्याला फोडला.

आणि ती माकडीण चावली त्याला कारण दर रविवारी तिला बिस्किटं घालणारी पुण्यवान मंडळी. पुढे आलेला हात म्हणजे खाऊ, एवढंच तिला ठाऊक. रिकामा हात दाखवणं ही तिच्या दृष्टीने फसवणूक झाली :)

फ्रेम_मोजणारा

असहमत, आणि जरा सविस्तर.

हात पुढे करण्याआधीचा प्रसंग आठवा. हिकप रिकाम्या हाताने जात नाही, मासा घेऊन जातो. ड्रॅगन गुरगुरतो तेव्हा त्याच्या लक्षात येतं की आपल्या कमरेला सुरी आहे, मग ती काढून फेकतो. पुढे हिकप वाळूत काठीने त्याचं चित्र काढतो. ते बघून ड्रॅगन आख्खं झाडच तोंडात धरतो आणि जमिनीवर वेड्यावाकड्या रेघा ओढतो. हिकपचा पाय रेघेवर पडला की गुरगुर. पाय उचलला की गप्प. पुन्हा ठेवला, पुन्हा गुरगुर. मग तो एकेक रेघ ओलांडत, कुठेही पाय न लावता, नाचल्यासारखा फिरत जातो आणि शेवटी कळतं की आपण त्याच्यासमोरच येऊन उभे आहोत. त्यानंतरही तो आधी सरळ हात लावायला जातो तेव्हा ड्रॅगन दात दाखवतोच. तेव्हा कुठे तो तोंड फिरवतो. म्हणजे "ये, लाव हात" हे ठरवायचं काम प्राण्यावर सोपवतो.

इतका वेळ घेऊन "दुसऱ्याची रेघ ओळख" हे सांगणारा मुलांचा दुसरा प्रसंग मला चटकन आठवत नाही. माया वगैरे फार पुढची गोष्ट.

आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ड्रॅगन मेंढ्या का पळवतात याचा शोध त्या गावात कोणी घेतलेलाच नसतो. सगळे फक्त मारण्यात पटाईत. हिकपला कळतं की घरट्यात एक अजस्र ड्रॅगन बसलेला आहे, त्याला खाणं आणून दिलं नाही तर तो यांनाच खातो. कारण समजल्यावर भांडणाची जागाच बदलते. आता आपल्याकडे या. बिबट्या तुमच्या भिंतीवर कशाला येतो? तुमच्यासाठी नाही. कचराकुंडीमुळे कुत्री, कुत्र्यांमुळे बिबट्या. २०१८च्या एका शोधनिबंधात अंदाज होता की उद्यानालगतचे बिबटे वर्षाला दीड हजारापर्यंत भटकी कुत्री खात असावेत. आपण मात्र वर्षानुवर्षं "पिंजरा लावा, उचला, लांब सोडा" एवढंच बोलत राहिलो. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी जुन्नरमध्ये दाखवून दिलं की असे पकडून दुसरीकडे सोडलेले बिबटे जिथे सोडले त्या भागात हल्ले वाढले. बर्कचे लोक आणि आपण यात फरक फक्त शिंगांच्या टोपीचा.

बोरिवलीची_आई

रेघांचं मान्य. खरंच विसरले होते. पण दादा, तुम्ही तो प्रसंग चाळिशीत बघताय. सात वर्षांच्या मुलाला रेघा आठवत नाहीत, त्याला हात आठवतो. संगीत कुठे चढतं? रेघांपाशी नाही, नाक तळव्याला टेकतं तिथे. सिनेमा कशाला महत्त्व देतो ते मुलाला संगीतावरून कळतं, तुमच्या विवेचनावरून नाही.

आणि कचऱ्याचं म्हणाल तर आमच्या सोसायटीत ओला-सुका वेगळा करा म्हणून तीन वर्षं मीच भांडतेय. त्यासाठी ड्रॅगन लागला नाही.

उलटा_पतंग

दोघंही चुकीच्या टोकाला धरून बसलात. अडचण माया जास्त असण्याची नाहीच, अडचण खोगिराची आहे.

नाव बघा. "ट्रेन." त्या प्राण्याची शेपटीची एक बाजू तुटते कुणामुळे? हिकपच्याच यंत्रामुळे. मग हिकप त्याला चामड्याची नकली शेपटी लावून देतो, पण ती चालते हिकपच्या पायातल्या कळीवर. म्हणजे पाठीवर पोरगं नसेल तर त्याला उडताच येत नाही. तुम्ही एखाद्याचे पाय मोडा, मग त्याला कुबड्या द्या, कुबड्यांची किल्ली आपल्या खिशात ठेवा आणि म्हणा आम्ही जिवलग. शेवटाला गावातल्या प्रत्येकाकडे एकेक ड्रॅगन आणि वर अभिमानाने सांगणं की इतरांकडे घोडे-पोपट असतात, आमच्याकडे ड्रॅगन. झालं. जंगल संपलं, तबेला सुरू.

हे बनवणाऱ्यांनाही टोचलं असावं. २०११च्या छोट्या नाताळपटात हिकप त्याला आपोआप चालणारी शेपटी करून देतो, तर तो ड्रॅगनच ती मोडून टाकतो, त्याला म्हणे पोराबरोबरच उडायचंय. किती सोयीचं! गुलामच म्हणाला, मला साखळी आवडते.

फ्रेम_मोजणारा

पतंगराव, अर्धीच गोष्ट सांगताय. शेवटी हिकपचाही पाय जातो. गुडघ्याखालून. शुद्धीवर येतो, पलंगावरून उतरतो आणि एका बाजूला लोखंडी पाय. पहिलं पाऊल टाकताना तोल जातो तेव्हा आधाराला त्या ड्रॅगनचंच डोकं असतं. लंगडा पोरगा, लंगडा प्राणी. किल्ली एकट्याच्या खिशात राहत नाही. मुलांच्या सिनेमात नायकाचा पाय परत उगवत नाही, हे मला तरी फार धीराचं वाटलं.

आणि २०१९च्या तिसऱ्या भागात तो सगळ्यांना सोडून देतो. शेपटी पुन्हा करून देतो आणि जा म्हणतो.

उलटा_पतंग

नऊ वर्षं आणि तीन भागांची तिकिटं खपल्यावर.

गिरगावचा_नाना

आम्हाला एवढे पाय आणि शेपट्या कळत नाहीत. प्रश्न असा की परक्या बेटावरचा ड्रॅगन मराठी पोरांनी का बघावा? आपल्याकडे काय कमी आहे? देवळाच्या खांबावर व्याल आहे, किल्ल्यांच्या दारावर शरभ आहे, गंडभेरुंड आहे. कोकणात देवचार आहे. एक सिनेमा कोणी काढत नाही.

मागच्या_रांगेतला

नाना, काढला की. २०२४ला 'मुंज्या' आला. तोही कोकणातलाच. फक्त त्याला दोस्ती नको होती, लग्न हवं होतं!

दहिसर_टोलनाका

नानांना मनापासून +१, पण एक शंका. आपली मंडळी मैत्रीच्या साच्यात बसतील का? देवचाराला लोक रोट आणि वहाणा ठेवतात, तो रात्री राखण करतो. वर्षाचं देणं चुकवायचं नाही. तो व्यवहार आहे, गळ्यात गळा नाही. आणि वेताळ घ्या. इकडे पोरगं ड्रॅगनच्या पाठीवर बसतं, तिकडे वेताळच विक्रमाच्या पाठीवर बसलाय! वर गोष्ट सांगतो, प्रश्न विचारतो, उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल म्हणतो, आणि तोंड उघडलं की परत झाडावर. उलटा_पतंग यांना हवा तो सिनेमा हाच असावा.

अवांतर: मैत्रीचाच हवा असेल तर केरळने १९८४ सालीच तो मान मिळवलाय. 'माय डिअर कुट्टिचात्तन', भारतातला पहिला त्रिमितीय चित्रपट, तीन मुलं आणि मांत्रिकाने गुलाम केलेला एक चात्तन, म्हणजे तिकडचं खोडकर भूत. १९९८ला 'छोटा चेतन' नावाने हिंदीत आला तेव्हा मी दादांबरोबर पाहिला. तो पुठ्ठ्याचा चष्मा, एक काच लाल एक निळी की दोन्ही करड्या यावरून आमच्यात अजून वाद आहे. आईस्क्रीमचा कोन पडद्यातून बाहेर आला तेव्हा पुढच्या रांगेतल्या आजोबांनी खरंच हात पुढे केला होता. त्यांना कोणी चावलं नाही.

पाड्यावरची_बाई

मी या विषयावर लिहावं की नाही असा विचार करत होते. आरेतल्या एका पाड्यावर काही वर्षं संध्याकाळचा अभ्यासवर्ग घेत होते. बहुतेक मुलं वारली समाजातली. २०२२च्या दिवाळीत आरेत बिबट्याने एक तान्ही पोर नेली. आमच्या पाड्यावरची नव्हती, पण त्यानंतर कितीतरी दिवस अंधार पडायच्या आत वर्ग सोडावा लागे. त्यामुळे "बिबट्या आपला मित्र" असं चित्र भिंतीवर लावायला मला कोणी सांगितलं असतं तर मी लावलं नसतं.

पण हाच सिनेमा (जुना, ॲनिमेशनचा) त्या मुलांना एकदा लॅपटॉपवर दाखवला होता. हाताच्या प्रसंगाला सगळी हसली. एक मुलगी म्हणाली, "बाई, हा येडा आहे. तोंड फिरवतात का?" त्यांना घरी शिकवलेलं असं की समोर आलाच तर पाठ दाखवायची नाही, पळायचं नाही, त्याच्याकडे बघत हळूहळू मागे सरायचं आणि त्याला जायला वाट ठेवायची. रेघांच्या प्रसंगाला मात्र कोणीच हसलं नाही. एकाने विचारलं, "रेघा ड्रॅगनने काढल्या ना? मग बरोबर आहे." आणि खोगीर दिसल्यावर तीच मुलगी, "वर फक्त देवी बसते."

पाड्याच्या कडेला झाडाखाली वाघोबाचं ठाणं आहे. लाकडाची फळी, त्यावर वाघ कोरलेला, वर सूर्य-चंद्र, शेंदूर लावून लावून रेषा बुजत आलेल्या. तुम्ही वसुबारस करता त्याच दिवशी तिथे वाघबारस असते. नारळ फोडतात, कोंबडं देतात. मुलं तिथून जाताना आपोआप आवाज खाली आणतात. त्यांच्यासाठी तो शत्रू नाही आणि दोस्तही नाही. शेजारी म्हणावा तर तसा, ज्याच्याकडे कारणाशिवाय जात नाहीत.

तुमच्या मुलाला मात्र मी येडा म्हणणार नाही. त्याने डोळे मिटले म्हणजे त्याला भीती वाटत होती आणि तरी त्याने हात पुढे केला.

फ्रेम_मोजणारा

बाई, सलाम. एक तांत्रिक पुरवणी: तोंड फिरवण्याची कल्पना अगदी हवेतली नाही. अनोळखी मांजराकडे रोखून बघितलं तर ते बिथरतं, नजर वळवली तर जवळ येतं. तो ड्रॅगन बसतो, दबा धरतो, कान पाडतो ते सगळं मांजरासारखंच रचलेलं आहे. म्हणून आपल्याला ते पटतं. घोटाळा असा की बिबट्याही मांजरकुळातलाच, पण तिथे हा नियम लावायला जाऊ नये.

बोरिवलीची_आई

पाड्यावरची बाई, तुमचा प्रतिसाद पोराला मोठ्याने वाचून दाखवला. "वर फक्त देवी बसते" ऐकून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण देवीला खोगीर नसतं." उलटा_पतंग यांना निरोप पोचवते आहे.

माझं मूळ म्हणणं मी मागे घेत नाहीये. सिनेमाने रेघांनाही ते संगीत द्यायला हवं होतं. दुसऱ्यांदा लावला तेव्हा त्याच्याबरोबर बसले, तो रेघांच्या वेळी स्वयंपाकघरात पाणी प्यायला उठला आणि हाताच्या वेळी बरोब्बर परत आला.

मागच्या_रांगेतला

सगळं ठीक. त्या माकडिणीचं पुढे काय झालं?

बोरिवलीची_आई

आमच्या मागच्या कुटुंबाकडून वेफर्सचं आख्खं पाकीट घेतलं. त्यांनी तोंडसुद्धा फिरवलं नव्हतं.