भौतिकवादी राजकीय विचारात द्वंद्ववादाचे नेमके काम काय?

प्रश्न

उत्पादनसंबंध (उत्पादनाची साधने कोणाकडे आणि राबते कोण, यातून माणसांत पडणारे संबंध) आणि वर्गीय हितसंबंध ध्यानात घेतल्याखेरीज कायदा किंवा राज्यसंस्था उमगत नाही, हे मार्क्सचे म्हणणे मला पटते. परंतु एवढे तर साध्या कार्यकारणभावानेही सांगता येते. मग जर्मन तत्त्वज्ञ हेगेलकडून आलेल्या द्वंद्ववादाची, म्हणजे आतल्या विरोधांतूनच गोष्टी बदलत जातात असे मानणाऱ्या विचारपद्धतीची, गरज कुठे पडते? वाद, त्याला विरोध करणारा प्रतिवाद आणि दोहोंचा मेळ घालणारा संवाद ही त्रिपदी तर घडून गेलेल्या कोणत्याही इतिहासावर बसवता येते.

प्रतिसाद १

त्रिपदी बाजूलाच ठेवा. जर्मन भौतिकवादी तत्त्वज्ञ फॉयरबाखवरील १८४५ च्या टिपणांत मार्क्सने जुन्या भौतिकवादाला विचारले होते की, माणूस परिस्थितीने घडतो हे खरे असले, तरी परिस्थिती बदलते कोण? द्वंद्ववादाचे काम इथून सुरू होते.

मार्क्सच्या ‘भांडवल’ या ग्रंथातील कामाच्या दिवसाचे प्रकरण पाहा. विकत घेतलेली श्रमशक्ती, म्हणजे कामगाराची काम करण्याची क्षमता, दिवसभर वापरण्याचा हक्क मालक सांगतो; तीच श्रमशक्ती उद्या पुन्हा विकायची असल्याने ती अकाली झिजू न देण्याचा हक्क कामगार सांगतो. दोन्ही हक्क विनिमयाच्या एकाच नियमातून निघतात, म्हणून निवाडा बळावर होतो. १८४७ मध्ये ब्रिटिश संसदेने कापड गिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीनांसाठी दहा तासांची मर्यादा घातली, तेव्हा अनेक मालकांनी कामगारांना दिवसभरात तुकड्यातुकड्यांनी आत-बाहेर करून कोणी किती तास राबले हे सरकारी कारखाना निरीक्षकांना कळू दिले नाही. १८५० च्या कायद्याने ती पळवाट बरीचशी बुजवली, पण त्यासाठी दिवसाचा अर्धा तास वाढवून दिला. तास वाढवता येईनात, तेव्हा यंत्रांचा वेग वाढला आणि एकेका कामगाराच्या वाट्याला अधिक यंत्रे आली. कामगारांनी मिळवलेली मर्यादाच अशा रीतीने शोषणाच्या नव्या रूपाला चालना देती झाली. ‘दबाव आला, कायदा झाला’ एवढ्यावर थांबणाऱ्या स्पष्टीकरणाला ही पुढची हालचाल दिसत नाही.

प्रतिसाद २

उदाहरण मान्य आहे, पण धोकाही सांगायला हवा. मार्क्सचा सहकारी एंगेल्स याने द्वंद्ववादाचे नियम निसर्गालाही लावले आणि १९३८ मध्ये स्टालिनने त्यांची ठाशीव सूत्रे केली. राजकारण अशा नियमांतून निघते असे एकदा मानले, की पक्षाशी मतभेद हा इतिहासाशीच द्रोह ठरवता येतो. उलट, शरद पाटील यांनी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सोडून १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला, तो भारतातील संघर्ष केवळ वर्गाच्या चौकटीत मावत नाही, जातीचाही विचार करावा लागतो, या भूमिकेतून. समाजातला मुख्य अंतर्विरोध कोणता, हे त्या समाजाकडे पाहूनच ठरवावे लागते, आणि मला द्वंद्ववादाचा हाच उपयोग मोलाचा वाटतो.

प्रश्नकर्ता

म्हणजे पुढे काय घडेल, हे या पद्धतीने आधी सांगता येत नाही?

प्रतिसाद १

नाही. लिओनार्ड हॉर्नरसारख्या कारखाना निरीक्षकांचे अहवाल मार्क्सने इतक्या बारकाईने वापरले ते त्यामुळेच. संघर्ष कुठे आहे हे कळले, तरी त्याचा निकाल नुसत्या तर्काने काढता येत नाही.