घरच्या चार्जिंगला वॉलबॉक्स खरंच लागतो का? माझं मत : नाही

सोळा_अँपिअर :
इलेक्ट्रिक गाडी घेऊन आठ महिने झाले आणि जो भेटतो तो विचारतो वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा चार्जिंगचा डबा, कधी बसवताय. नाही बसवत! गाडीसोबत आलेली केबल आहे, पार्किंगमध्ये १६ अँपिअरचा पॉइंट आहे, संपला विषय. २३० व्होल्टवर केबल १३ अँपिअर ओढते म्हणजे ३ किलोवॅट, रात्री दहाला लावली की सकाळी सातपर्यंत पंचवीसेक युनिट आत जातात, आणि माझी गाडी १०० किमीला १५ युनिट खाते, रोजचं रनिंग ४० किमी. म्हणजे रोजचे फक्त ६ युनिट हो, अडीच तासांचं काम. मग ७.४ किलोवॅटचा डबा भिंतीवर शोभेला लावू का? पटत नसेल त्यांनी बोला.

फेज_गेला :
गणित बरोबर, पण स्पीडसाठी बसवतंय कोण? साध्या सॉकेटवर इस्त्री, गिझर चालतात, ते थोड्या वेळात कट ऑफ होतात. गाडी बॅटरी बरीच उतरली असेल तर सलग आठ तास ओढते. पिन जरा ढिली झाली की तिथे रेझिस्टन्स वाढतो आणि सगळी उष्णता तिथेच. आमच्याकडे पाचव्या महिन्यात सॉकेट पिवळं पडलं, मग तपकिरी झालं, मग वास. उघडलं तर आतलं प्लास्टिक हाताने मोडत होतं.

सोळा_अँपिअर :
तुमचं फिटिंग हलकं असणार, त्यात वॉलबॉक्सचा काय संबंध. वेगळी वायर, वेगळा एमसीबी, नीट अर्थिंग, एवढं केलं की काही होत नाही. मी एक्स्टेन्शन बोर्ड वापरणाऱ्यातला नाही, त्यांना दुरूनच नमस्कार.

निशाचर :
सगळ्यांचं रनिंग ४० नसतं साहेब. मी रात्री एकला येतो, सहाला निघतो, पाच तासांत तुमची केबल मला १५ युनिट पण देत नाही. मी तर थेट थ्री फेज २२ किलोवॅटवाला घेतलाय, आयुष्यभराची कटकट गेली.

वायरवाली :
निशाचर, गाडी एसीवर, म्हणजे घरच्या करंटवर, जास्तीत जास्त किती किलोवॅट घेते तुमची?

निशाचर :
मॅन्युअलमध्ये ७.२ लिहिलंय.. का?

वायरवाली :
मग तुमच्या २२ मधले ७.२ च वापरात आहेत, बाकीचे भिंतीला 😀 अहो भिंतीवरचा चार्जर हा चार्जर नसतोच. घरच्या एसी करंटचा बॅटरीला लागणारा डीसी करणारा खरा चार्जर गाडीत बसवलेला असतो, भिंतीवरचा डबा फक्त गाडीला सांगतो की इथून एवढे अँपिअर ओढायला परवानगी आहे, आणि सुरक्षा बघतो. गाडी सिंगल फेजवाली असेल तर थ्री फेजमधला एकच फेज वापरते. म्हणून आधी गाडीचं मॅन्युअल, मग मीटरचा मंजूर लोड, आणि डबा सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात.
आणि ब्रोशरमध्ये रंग बघण्यापेक्षा ६ मिलिअँपिअर डीसी लीकेज डिटेक्शन, म्हणजे तेवढा डीसी करंट गळला तरी ओळखण्याची सोय, आहे का ते बघा. एसी टाइपचा साधा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच, डीसी लीकेज आला की आंधळा होतो, ऐन वेळी ट्रिपच होत नाही. डिटेक्शन असेल तर टाइप ए आरसीसीबी चालतो, नसेल तर टाइप बी लावा, तो महाग पडतो.

बटणवाला :
ॲपवाला अजिबात घेऊ नका. माझ्या डब्याच्या कंपनीने सर्व्हरच बंद केला, टायमर ॲपमध्ये होता, तोही गेला. टायमर गाडीतही असतो, मग डब्याला अक्कल कशाला हवी?

निशाचर :
लोड बॅलन्सिंगसाठी हवी ना. मेन वायरवर करंट मोजणारा क्लॅम्प बसतो, घरात एसी, गिझर, ओव्हन एकदम चालू झाले की डबा आपोआप गाडीचा करंट उतरवतो, मेन पडत नाही. हे गाडीच्या टायमरला कुठून कळणार? ओसीपीपीवाला, म्हणजे सगळ्या कंपन्यांच्या सर्व्हरना कळणारी कॉमन भाषा बोलणारा, घ्यायचा, कंपनी बुडाली तरी दुसऱ्या सर्व्हरला जोडता येतो.

बटणवाला :
माझ्याकडे मेन पडला तर मी उठून वर करतो.

फेज_गेला :
सोळा_अँपिअर, आज गाडी लावल्यावर तासाभराने प्लगच्या बाहेरच्या बाजूला हात लावून बघा आणि इथे खरं सांगा.

सोळा_अँपिअर :
लावला. कोमट आहे असं लिहिणार होतो, पण तीन सेकंदांच्या वर हात ठेवता येत नाही. चार्जिंग बंद केलंय.

वायरवाली :
चांगलं केलंत. सॉकेट बदलल्याशिवाय लावू नका आणि नंतरही गाडीच्या सेटिंगमध्ये १३ चे १० अँपिअर करा, उष्णता करंटच्या वर्गाने जाते, चाळीस टक्के कमी होईल. तुमच्या रनिंगला तेवढं पुरतं. पुढे डबा घेतलात तर ७.४ वाला घेऊन १६ अँपिअरवर सेट करून ठेवा, वायर मात्र ३२ अँपिअरच्या हिशोबाने ६ स्क्वेअर एमएमची ओढा, अंतर लांब असेल तर १०. भिंत दोनदा फोडावी लागणार नाही.

सोळा_अँपिअर :
वायरमनला फोन केलाय, उद्या येतोय. शीर्षक मात्र बदलणार नाही.