घर विकायचंय आणि छत गळतंय: आधी दुरुस्ती की आधी गिऱ्हाईक?

पागोळी
आई-बाबांचं घर विकायला काढतेय. पुढे सपाट गच्ची, मागे उतरतं पत्र्याचं छप्पर. दोन पावसाळे झाले, जिन्यालगतच्या खोलीच्या छताला तांबूस कडेचा डाग पडतो आणि कोपऱ्यात पोपडे सुटतात. एजंट म्हणतो, पुट्टी भरून रंग मारून घ्या, पावसाला अजून अवकाश आहे. मला ते पटत नाही, तिथे उद्या कुणाची तरी मुलं झोपणार आहेत. पण सगळं नव्यानं करण्याइतके पैसेही हाताशी नाहीत. एक ठेकेदार आला आणि दहा मिनिटांत ‘सगळं उखडावं लागेल’ सांगून गेला. आधी तपासणी करून घ्यावी का? कुणाकडून? आणि जे निघेल ते घेणाऱ्याला किती सांगायचं?

वळचण
ताई, रंग अजिबात मारू नका. डाग हीच तुमच्याकडची एकमेव खूण आहे, तीच पुसली तर तपासायला येणारा बघणार काय?

मी बांधकामातला इंजिनिअर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. डाग दिसतो त्याच्या बरोब्बर वर पाणी शिरतं असं नसतं. ते कोब्याखालून (कोबा म्हणजे स्लॅबवरचा सिमेंटचा थर), वायरींच्या नळ्यांतून वाट काढत लांब जाऊन ठिबकतं. आधी गच्चीवरची पाणी जायची तोंडं साफ करा, कितीतरी गळत्या नुसत्या पालापाचोळ्यानं होतात. मग कठड्याच्या बुडाचा वाटा (गच्ची आणि कठडा मिळतात तिथला सिमेंटचा गोलसर उतार), पाइप जिथे स्लॅबमधून जातात ती भोकं आणि जिन्याच्या खोलीची भिंत गच्चीला मिळते तो सांधा बघा. कोब्यावर हलक्या हातोडीनं ठोकत जा. बद्द आवाज आला की तिथला थर खालून सुटलाय.

त्यानंतर पाणी भरून चाचणी. तोंडं बंद करून 2-3 सेंमी पाणी 48 तास ठेवायचं. याहून जास्त नको: दर चौरस मीटरला 1 सेंमी पाण्याचं वजन 10 किलो होतं. शेजारी बादलीत पाणी भरून तिच्यावरही खूण करा. दोन्हीकडची पातळी सारखीच उतरली तर ते उन्हानं आटलं, गच्चीची जास्त उतरली तर मुरलं. मात्र स्लॅबच्या खालच्या बाजूनं गंजलेली सळई दिसत असेल किंवा ढलपे पडत असतील तर इंजिनिअरनं पाहिल्याशिवाय पाणी भरू नका. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. तिथे प्रश्न गळतीपुरता उरत नाही.

पत्र्याला स्क्रूंखालचे रबरी वॉशर बघा, उन्हानं कडक होऊन ते तडकतात. पत्रा जुना ॲस्बेस्टॉसचा असेल तर त्याला भोक पाडू नका, फोडू नका. त्याचे तंतू फुप्फुसाला घातक असतात, आणि ही गोष्ट घेणाऱ्याला सांगायलाच हवी.

तपासणारा आणि काम करणारा माणूस वेगळा ठेवा. ज्याला काम मिळणार आहे तो ‘सगळं उखडा’ म्हणण्याची शक्यता जास्त. अहवाल फोटोंसकट, लेखी घ्या. लगेच करायचं काय, वर्षभरात काय आणि नुसतं लक्ष ठेवायचं काय, हे त्यात वेगवेगळं लिहायला सांगा.

उंबरा
मी घेणाऱ्याच्या बाजूनं सांगते. आमच्या पहिल्या घरात एकाच खोलीचं छत ताजं रंगवलेलं होतं. आम्ही विचारलं नाही. पहिल्याच पावसात भर रात्री गादी ओढत दुसऱ्या खोलीत गेलो. खर्च कसाबसा पेलला, पण आपल्याला जाणूनबुजून फसवलं हे अजूनही सलतं. दुसरं घर घेताना मालकांनी स्वतःहून फाइल पुढे ठेवली: कुठे गळत होतं, काय केलं, बिलं, फोटो. त्या छतावरून आम्ही एक शब्द घासाघीस केली नाही.

पागोळी
उंबराताई, हे वाचून एजंटाला सांगून टाकलं, नुसता रंग मारणार नाही. पण मग दुरुस्ती मीच करू की किंमत कमी करू?

आढं
गळती तुम्ही थांबवा, पूर्ण नवीन थर घेणाऱ्यावर सोडा. अख्ख्या छतावर घातलेला पैसा किमतीत पुरा परत येईलच असं नाही, शिवाय त्याला कदाचित वर मजलाच चढवायचा असेल. दुरुस्तीला वेळ नसेल तर ठरलेली रक्कम काम होईपर्यंत वकिलाकडे ठेवायचं करारात लिहिता येतं. अहवाल कराराला जोडा आणि मिळाल्याची सही घ्या. ‘जसं आहे तसं’ लिहिलं म्हणजे माहीत असलेला दोष लपवायची मुभा मिळाली असं समजू नका. कायदा जागोजागी वेगळा असतो, तेवढं वकिलाला विचारा. ठेकेदाराची हमी नव्या मालकाला लागू राहील का, हेही आधीच लेखी घ्या. बऱ्याचदा ती मूळ मालकाच्या नावापुरतीच असते.

घेणाऱ्याचा तपासनीस लांबलचक यादी देईल. घाबरू नका. पाणी, स्लॅब, ओलीजवळची वायरिंग यांना नाही म्हणू नका, विटलेल्या रंगाला म्हणा.

पागोळी
तीन आठवड्यांनी लिहितेय. 48 तास पाणी ठेवलं, छत कोरडं! मग इंजिनिअरनी जिन्याच्या खोलीच्या सांध्यावर पाइप धरला आणि अर्ध्या तासात खाली थेंब. म्हणजे गच्ची ठीक होती, सांधा उघडा होता. तेवढाच फोडून नव्यानं भरला, सात दिवस पाणी मारलं, पुन्हा पाइप धरून पाहिला. मागच्या पत्र्याचे वॉशरही बदलले. घेऊ पाहणाऱ्या काकांना सगळं दाखवलं, कठड्यावरची केसाएवढी एक चीरसुद्धा. ते त्यांचा माणूस आणणार आहेत. आता आतून रंग कधी मारू?

वळचण
छत पूर्ण वाळू द्या. डागावर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवा. छताकडच्या बाजूला दव धरलं तर अजून थांबा.