मंडेलांच्या भाषणांवरून इंग्रजीचा सराव, पुढे काय घेऊ?

मराठी माध्यमात शिकलेय. इंग्रजी वाचलेलं कळतं, बोलताना अडते. नेल्सन मंडेला मनापासून आवडतात, म्हणून त्यांचीच भाषणं घेतली. २७ वर्षांच्या तुरुंगवासानंतर ११ फेब्रुवारी १९९० ला सुटले, त्या संध्याकाळचं केपटाउनचं भाषण ऐकत मागोमाग म्हणते. उच्चार संथ, ठाशीव, त्यामुळे जमतं. १० मे १९९४ चं प्रिटोरियातलं शपथविधीचं भाषण ऐकून वहीत उतरवलं. १९६४ च्या रिव्होनिया खटल्यातलं निवेदन मात्र फार लांब, कायद्याच्या शब्दांत हरवले. आत्मचरित्र सुचवू नका, वाचनाची अडचण नाही. रोज अर्धा तास आणि मोबाइल एवढंच हाताशी आहे, क्लास परवडणार नाही. भाषणातली भारदस्त वाक्यं पाठ झालीत, पण दुकानात किंवा मुलाखतीत तशी बोलता येत नाहीत. मंडेला साधं, गप्पांसारखं बोललेत अशी कुठली मुलाखत आधी ऐकू?