घरची बीअर: बिघडते कुठे, सावरते कशी? (अनुभव धागा)

तळघरवाला:
काल मेलबर्नहून मावसभावाचा फोन आला. "दादा, गॅरेजमध्ये बाटल्या फुटतायत." त्याला म्हटलं, आधी गॉगल आणि जाड हातमोजे चढव, मग एकेक बाटली टॉवेलात गुंडाळून फ्रिजमध्ये टाक. गार झाली की दाब उतरतो, मग झाकण अगदी हळू सैल करून गॅस सोडायचा.

फोन ठेवला आणि मिनेसोटातलं आमचं जुनं तळघर आठवलं. शेजारी एक निवृत्त मेकॅनिक आजोबा राहायचे, घरची बीअर करण्यात हयात गेलेली. मी रेसिपी मागायला गेलो तर त्यांनी बीअर आंबते त्या बकेटला चिकटवायची थर्मामीटरची पट्टी हातात ठेवली. खोलीत २० अंश असले तरी यीस्ट भरात आलं की आत २३-२४ सहज होतात. एलचं (उबेत आंबणाऱ्या बीअरचं) यीस्ट त्यात मरत नाही, पण चव जाते. आधी केळ्याचा वास, मग घसा जाळणारी दारू. बकेट पाण्याच्या टबात ठेवायची, तिला ओला टी-शर्ट घालायचा, समोर पंखा लावायचा आणि टबात बर्फाच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलायच्या. एवढ्यावर १८-२० टिकतात. रेसिपी नंतर बघा, हे आधी शिका.

बाटल्या फुटतात ते बहुतेक वेळा आंबणं पुरं व्हायच्या आत भरल्यामुळे, नाहीतर फेसासाठी शेवटी घालायची साखर सारखी न मिसळल्यामुळे. हायड्रोमीटरचं (द्रवाची घनता, म्हणजे साखर किती उरली ते दाखवणाऱ्या काचनळीचं) रीडिंग दोन-तीन दिवस हललं नाही तरच भरा. १९ लिटरला साधारण ११० ग्रॅम साखर, वजन करून, थोड्या पाण्यात उकळून रिकाम्या बकेटच्या तळाशी ओता आणि बीअर त्यावर सायफन करा. मोजमापाच्या चमच्याने बाटलीगणिक साखर घालत बसू नका.

तुमच्याकडे काय काय झालंय ते लिहा. चांगलं झालेलंही लिहा.

शमी:
आमच्या ह्यांच्या बीअरला लोण्याचा वास येतोय. थिएटरातल्या पॉपकॉर्नचा, अगदी तोच. फेकून द्यायची का? कामावर निघालेय, रात्री वाचते.

हुलगे_पिठी:
@शमी अजिबात फेकू नका!! बाटलीत भरलेली नसेल तर बकेट दोन-तीन अंश उबदार जागी सरकवा आणि दोन-तीन दिवस तशीच राहू द्या. तो वास यीस्टनेच तयार केलेला असतो आणि यीस्टच तो परत खातं, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. लगरवाले (थंडीत सावकाश आंबणारी बीअर करणारे) हे मुद्दाम करतात. आणि हिरव्या सफरचंदाचा वास आला तरी उपाय तोच, थांबणे.

बाकरवडी:
दोन दिवस झाले, बुडबुडे एकदम बंद. यीस्ट मेलं का?

तळघरवाला:
@बाकरवडी बुडबुड्यांवर जाऊ नका. बकेटचं झाकण जरा सैल असलं की गॅस कडेने निघून जातो आणि एअरलॉक (झाकणावरची गॅस बाहेर सोडणारी नळी) गप्प बसतो. हायड्रोमीटर बुडवा. सुरुवातीला १.०५० होतं आणि आता १.०१२ असेल तर काम झालंय, ५ टक्क्यांची बीअर तयार आहे. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर द्रवावरून साखर मोजणारं यंत्र) वापरत असाल तर सावध, दारू तयार झाल्यावर तो खरा आकडा दाखवत नाही, दुरुस्ती करून घ्यावी लागते.

सिॲटलचा_पाऊस:
पाण्याबद्दल कुणी बोललंच नाही. माझ्या मित्राच्या प्रत्येक बॅचला दवाखान्यातल्या चिकटपट्टीचा वास यायचा. बिचाऱ्याने बकेट बदलली, नळ्या बदलल्या, यीस्ट बदललं. शेवटी कळलं की नळाच्या पाण्यात क्लोरामीन आहे. क्लोरीन उकळून जातं, क्लोरामीन सहजासहजी जात नाही. कॅम्पडेनची एक गोळी ७५ लिटर पाण्याला पुरते, म्हणजे १९ लिटरला पाव गोळी. चुरून घाला, ढवळा, काही मिनिटांत काम होतं. त्यानंतरची त्याची स्टाऊट (काळी बीअर) आम्ही गणपतीच्या विसर्जनानंतर प्यायलो, अजून लोक विचारतात.

निवांत:
हिरव्या किंवा पांढऱ्या बाटल्या खिडकीत ठेवू नका. उन्हाने हॉप्सचा (बीअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) वास कुजकट होतो. तपकिरी बाटली, अंधारा कोपरा. एवढंच. मुलाला क्लासला सोडायचंय.

प्राजक्ता_एडिसन:
आम्ही अपार्टमेंटमध्ये राहतो, तळघर वगैरे नाही. ४ लिटरची करता येते का? आणि वास फार पसरतो का हो, शेजारी तक्रार करतील?

हुलगे_पिठी:
@प्राजक्ता ४ लिटर उत्तम. नेहमीच्या शेगडीवर मोठ्या पातेल्यात उकळतं, सिंकमध्ये बर्फ घालून पातेलं ठेवलं की पटकन गार होतं. उकळताना झाकण ठेवू नका, नाहीतर उकडलेल्या मक्याचा वास राहतो. घरात तासभर माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोड वास येतो, तो कुणाला खटकलेला मी तरी पाहिला नाही.

विटबिअरपासून (गव्हाच्या बेल्जियन बीअरपासून) सुरुवात करा. इंडियन स्टोअरमधले आपले लांबट धणे तिला फार सुंदर लागतात, लिंबासारखा वास असतो त्यांना. ४ लिटरला ४ ग्रॅम, जाडसर ठेचून, उकळी संपायच्या शेवटच्या पाच मिनिटांत, सोबत संत्र्याची साल. सवयीने हात तव्याकडे जाईल, पण धणे भाजायचे नाहीत! भाजले की आमटीचा वास येतो.

मुठा_काठ:
पुण्यात करायचं म्हटलं तर सामान कुठे मिळेल?

तळघरवाला:
@मुठा_काठ महाराष्ट्रात नको. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय घरी दारू बनवणं गुन्हा आहे, बीअर त्यातच आली. अमेरिकेतही १९७८ पर्यंत घरची बीअर बेकायदाच होती. आता घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन चालतात, विकायची मात्र नाही.

शमी:
रात्रीचं वाचतेय. बकेट हीटरजवळच्या खोलीत हलवली. उरलेल्या भिजक्या धान्याचं काय करता तुम्ही सगळे? टाकवत नाही.

सिॲटलचा_पाऊस:
@शमी ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवा, मिक्सरला फिरवा आणि थालीपीठाच्या भाजणीत चौथा हिस्सा मिसळा. टरफलं राहतात म्हणून बारीक चाळणीने चाळा. कांदा जरा जास्त घाला. आणि घरात कुत्रा असेल तर हॉप्सचा चोथा त्याच्या तोंडाला लागू देऊ नका, कुत्र्यांना त्याने जिवावरचा ताप चढतो.

शमी:
बापरे, हे माहीत नव्हतं. आमचा मोती कचऱ्याचा डबा उघडतो. भाजणी कुठली वापरता? सांगलीची सासूबाई पाठवतात ती संपत आली.

सिॲटलचा_पाऊस:
सांगली?? विश्रामबाग की गावभाग? माझी आई विश्रामबागची.

शमी:
गावभाग! गणपती मंदिराच्या मागे. व्यनि (खाजगी निरोप) करते.

तळघरवाला:
मावसभावाची बातमी: उरलेल्या बाटल्या वाचल्या. बकेटमध्ये अजून एक बॅच आहे, ती १.०२० ला अडकलीय, त्याला हलकेच ढवळून उबेला ठेवायला सांगितलंय. त्याचं गॅरेज उन्हाळ्यात ३५ च्या वर जातं, म्हणून पुढच्या वेळी नॉर्वेचं क्वाइक यीस्ट आण म्हटलं. व्हॉस जातीचं ३५-४० अंशांतही स्वच्छ चव देतं. कुणी वापरलंय का? किती दिवसांत रीडिंग उतरलं ते लिहा, त्याला पाठवतो.