‘अपचयन’ की ‘क्षपण’? निमित्त व्हॅनेडियम आणि थायॉलचं

प्रश्न : एका भाषांतरित लेखात वाक्य आहे, ‘पेशीत शिरलेल्या व्हॅनेडेटचे ग्लुटाथायॉनमुळे अपचयन होते.’ (व्हॅनेडेट म्हणजे व्हॅनेडियम या धातूचं ऑक्सिजनबरोबरचं संयुग, ग्लुटाथायॉन म्हणजे पेशीतला एक छोटा रेणू.) मी त्याचा अर्थ ‘विघटन होते’ असा लावला. पुढे तर व्हॅनेडियम पेशीत तसाच आहे असं म्हटलंय. मग अपचयन कशाचं झालं?

उत्तर : भाषांतर हिंदीवरून झालेलं दिसतंय. हिंदीतलं अपचयन म्हणजे आपलं क्षपण, इंग्रजीतलं ‘रिडक्शन’, म्हणजे अणूला इलेक्ट्रॉन मिळणं. मराठीत ‘अपचय’ हा शब्द जीवशास्त्राने आधीच अडवून ठेवलाय. साध्या रेणूंपासून मोठे रेणू घडणं तो चय, मोठे मोडणं तो अपचय, आणि दोन्ही मिळून चयापचय. पेशीबद्दलच्या लेखात ‘अपचयन’ वाचून तुम्हाला मोडतोड आठवली, यात तुमचं काही चुकलं नाही. तिथे ‘क्षपण’च हवं होतं.

घडतं ते असं. व्हॅनेडेटमधला व्हॅनेडियम +५ अवस्थेत असतो. इलेक्ट्रॉन मिळाला की हा अंक उतरतो. ग्लुटाथायॉनमधल्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या टोकाला गंधक-हायड्रोजनची जोडी असते, तोच थायॉल गट. त्याच्याकडून एक इलेक्ट्रॉन मिळाला की व्हॅनेडियम +४ वर येतो. हा झाला व्हॅनेडिल. इलेक्ट्रॉन दिलेले दोन ग्लुटाथायॉन मग गंधकाला गंधक जोडून एक होतात.

प्रतिप्रश्न : इलेक्ट्रॉन मिळाला, तरी नाव क्षपण? क्षपण म्हणजे तर झिजवणं, घटवणं.

उत्तर : अंक घटला ना, ५ चा ४! गंमत सोडा, पण ही संज्ञा इलेक्ट्रॉनचा शोध लागण्याच्या खूप आधीची आहे. इंग्रजी संज्ञेमागच्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘परत नेणं’, म्हणजे खनिजाला पुन्हा धातुरूपात आणणं. ऑक्सिजन गेला की वजनही उतरतं. मराठीत ‘परत’ आलं नाही, ‘घट’ आली. आणि क्षपण घडवून आणणारा तो क्षपणक. संस्कृत नाटकात क्षपणक म्हणजे भिक्षू. त्याने घरदार सोडलेलं असतं, आपला थायॉल इलेक्ट्रॉन सोडतो. मला हा शब्द त्यासाठीच आवडतो.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांना दिसतं. तीव्र आम्लात विरघळवलेलं अमोनियम मेटाव्हॅनेडेट पिवळं असतं. त्यात सिस्टीन टाकलं की द्रावण आधी हिरवट होतं, मग निळं. मधला हिरवा रंग पाहून पुष्कळ जण ‘+३ आला’ असं लिहून मोकळे होतात, कारण +३ व्हॅनेडियमही हिरवाच. इथला हिरवा मात्र उरलेला पिवळा आणि नवा निळा यांची सरमिसळ असते.

आणखी एक प्रतिसाद : वरचं पटलं. पण ‘क्षपण’ वापरूनही घोटाळा होतोच. मी एका मसुद्यात ‘थायॉल-क्षपण’ असा समास वाचला. षष्ठी धरली तर क्षपण थायॉलचं, तृतीया धरली तर थायॉलने केलेलं. अर्थ नेमका उलटा! ‘व्हॅनेडेट-क्षपण’ मात्र वाचताना कुणी अडखळत नाही, कारण +५ च्या वर व्हॅनेडियमला जागाच नाही, त्याचं क्षपणच व्हायचं.

शिवाय व्हॅनेडियम आणि गंधक एकत्र आले की प्रत्येक वेळी इलेक्ट्रॉन हलतोच असं नाही. प्रथिनांवरचा फॉस्फेट काढणाऱ्या काही विकरांच्या कार्यस्थळी सिस्टीन असतं. तिथे व्हॅनेडेट फॉस्फेटसारखा जाऊन बसतो आणि विकर थांबतं. हे नुसतं बंधन, आणि ते सुटूही शकतं. तोच व्हॅनेडियम पेरॉक्साइडशी जोडून आला, तर त्याच सिस्टीनचं ऑक्सिडीकरण (क्षपणाच्या उलट, इलेक्ट्रॉन जाणं) होतं आणि विकर कायमचं निकामी. म्हणून समास मोडून लिहावं, ‘थायॉलने व्हॅनेडेटचे क्षपण केले’, आणि जमल्यास कुठून कुठे तेही. ॲसिडियन नावाच्या समुद्री प्राण्यांच्या रक्तपेशींत व्हॅनेडियम असल्याचं 1911 मध्ये कळलं. त्यांच्यातल्या अनेक जातींत तो +३ पर्यंत उतरलेला असतो. तिथे नुसतं ‘क्षपण झाले’ लिहिलं, तर एक पायरी की दोन हे वाचणाऱ्याला कळणार कसं?